वाकडी बोटं

यष्टिरक्षकाची बोटं सरळ असतील तर त्याने कीपिंग मनापासून केलंच नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर म्हणालो, लग्नाच्या पंगतीत म्हणालो, नेटमध्ये नव्याने ग्लोव्हज चढवणाऱ्या पोरांना तर दम देऊन सांगितलं. पुरावा म्हणून स्वतःचा उजवा हात पुढे करायचो. करंगळी आत वळलेली, अनामिकेचं टोक कायमचं झुकलेलं, अंगठ्याच्या मुळाशी गाठ. पोरं डोळे विस्फारून बघायची आणि मला बरं वाटायचं.

हे मत मी आता सोडलं आहे. सहज सुटलं नाही. पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखं ते हटता हटेना. अजूनही त्याचं थोडं सामान माझ्याकडे पडून आहे.

मी बँकेच्या संघातून खेळलो. आताच्या मुलांना टाइम्स शील्डचं अप्रूप कळणार नाही. एके काळी मुंबईत बँका, गिरण्या, टाटा, मफतलाल, निरलॉन असे सगळे क्रिकेटपटूंना नोकरीवर घेत आणि त्यांचे संघ इरेला पेटून एकमेकांशी खेळत. खेळ चांगला म्हणून नोकरी, नोकरी आहे म्हणून घर, घर आहे म्हणून लग्न, अशी ती साखळी होती. दुपारी टेबलावरून उठून नेटला जायची सवलत मिळायची आणि इतर कारकून आमच्याकडे जळक्या नजरेने पाहायचे. ती सवलत संघात नाव असेपर्यंतच.

आमच्या संघात दुसरा कीपर होता. तो चांगला होता. माझ्या सगळ्या शौर्याचं स्पष्टीकरण या दोन वाक्यांत आहे.

बोट सुजलं की उसाच्या गुऱ्हाळातून बर्फ आणायचा, शेजारच्या बोटाशी टेपने बांधायचं, इनर्स चढवायचे आणि उभं राहायचं. कोणी विचारलंच तर ‘काही नाही रे, लचकलंय’. डॉक्टरकडे जायचं नाही, कारण डॉक्टर एक्स-रे काढायला लावणार, त्यात फ्रॅक्चर दिसणार आणि मग कॅप्टनला सांगावं लागणार. लालबागमध्ये एक हाडवैद्य होते, त्यांच्याकडे काम भागायचं. ते बोट ओढायचे, तेल चोळायचे, पैसे कमी घ्यायचे आणि कोणाला काही सांगायचे नाहीत. माझ्या करंगळीचा आजचा आकार त्यांच्याच कृपेचा. तेव्हा मला हे सगळं धैर्य वाटायचं. आता वाटतं, त्यात धैर्य चिमूटभर होतं. बाकी रांगेची धास्ती.

आणि मुंबईतली ही रांग साधी नव्हे. दादरच्या एवढ्याशा टापूत बघा. दादर युनियनचे माधव मंत्री भारताचे यष्टिरक्षक होते. पारशी कॉलनीतला फारुख इंजिनियर चंद्रशेखर, बेदी, प्रसन्ना, वेंकट या चौघांपुढे उभा राहिला. त्याच्याआधी मुंबईच्याच नरेन ताम्हाणेंनी एकवीस कसोटी खेळताना यष्टिरक्षण किती अबोल असू शकतं ते दाखवलं. मग आचरेकर सरांच्या हाताखालून चंद्रकांत पंडित आला, समीर दिघे आला. दिघेला पहिली कसोटी मिळाली ती मार्च 2001 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 155 धावांचा पाठलाग करताना तो नाबाद 22 वर उभा राहिला आणि आपण दोन गडी राखून मालिका जिंकलो. आम्ही ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगायचो. आज मला तिच्यात ती रांगच आधी दिसते. बत्तीस वर्षांपर्यंत वाट पाहणारा एक जण आपल्याला दिसतो. वाट पाहता पाहता बोटं मोडून घेतलेले आणि ती लपवलेले किती, याची नोंद कुठल्या स्कोअरबुकात सापडायची?

माझ्या मताला धक्का बसला तो भाच्यामुळे. तो भोईवाड्यात राहतो, कॉलेजात आहे आणि एका क्लबकडून कांगा लीग खेळतो. 1948 पासून चालत आलेली ही पावसाळी स्पर्धा यष्टिरक्षकाची खरी परीक्षा. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू घोट्याखालून सरपटतो, पुढचा छातीवर येतो. म्हणून मे महिन्यातल्या सरावाला कीपरच्या लेखी फार मोल. याच महिन्यात ग्लोव्हजची ओळख नव्याने करून घ्यायची असते. त्या सरावात एक चेंडू मॅटच्या कडेवरून उसळला आणि त्याच्या डाव्या अनामिकेच्या टोकावर आदळला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बोटाचं टोक लोंबत होतं. दुसऱ्या हाताने उचललं की सरळ, सोडलं की पुन्हा खाली. दुखत फारसं नव्हतं. मी हसलो आणि माझी अनामिका त्याच्या शेजारी धरली. “मामा-भाचे शोभतोय,” म्हणालो, “टेप मार आणि उद्या उभा राहा.”

तो मान डोलावून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केईएमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मला हे चार दिवसांनी त्याच्या आईकडून कळलं. रागही आला.

दुखापत तशी क्षुल्लक दिसते. बोटाच्या शेवटच्या सांध्याला सरळ धरणारा टेंडन टोकाजवळ तुटतो, कधी हाडाची कपचीही सोबत निघते. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. फक्त ते टोक सहा ते आठ आठवडे स्प्लिंटमध्ये सरळ ठेवायचं, चोवीस तास. जेवताना, झोपेत, अंघोळीला, सगळीकडे. स्प्लिंट धुवायला काढायची तर तळहात टेबलावर पालथा टेकवून, बोट टेबलाला चिकटलेलंच ठेवून. आणि मेख अशी की या काळात ते टोक एकदा जरी खाली झुकलं तरी जुळत आलेला टेंडन पुन्हा ताणला जातो आणि मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

ती मोजणी त्याची एकदा परत सुरू झाली. स्प्लिंट पुसताना आईने काहीतरी विचारलं, हा वळला, बोट टेबलाच्या कडेवरून घसरलं. पोरगं रडलं. गेल्या वर्षी आझाद मैदानावर हनुवटी फुटून टाके पडले तेव्हा हा हसत होता. मला तेव्हा प्रथम जाणवलं की मी आयुष्यभर ज्याला कठीण समजत आलो ते सोपं होतं. दुखऱ्या बोटाने उभं राहायला दोन तासांची मस्ती पुरते, वर टाळ्याही मिळतात. इथे दोन महिने रोज एका टेबलापाशी बसून बोट न वाकवणं, आणि तेही कोणी बघत नसताना. मला हे जमलं नसतं. जमलं नव्हतंच, माझी अनामिका साक्षीला आहे.

अमेरिकेत या दुखापतीला ‘बेसबॉल फिंगर’ म्हणतात. भाच्याने मोबाइलवर ते शोधलं आणि तिथून तो बेसबॉलच्या कॅचरांच्या नादी लागला. मग मीही. कॅचर म्हणजे त्यांचा कीपर. फरक इतकाच की तो फलंदाजाच्या पाठीला लागून बसतो आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचे चेंडू एका ग्लोव्हमध्ये झेलतो. दुसरा, उघडा हात पूर्वी ग्लोव्हच्या शेजारीच असायचा आणि निसटत्या चेंडूंनी बोटं फुटायची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रँडी हंडली आणि जॉनी बेंच यांनी एका हाताने झेलायची पद्धत रूढ केली. मोकळा हात पाठीमागे नेऊन ठेवला. बेंचला कोणी भित्रा म्हटलं नाही. तो त्या खेळातला सर्वोत्तम कॅचर मानला जातो. आपल्याला दोन्ही हात पुढेच धरावे लागतात, ते सोडून देऊ. पण हात वाचवणं हा कौशल्याचाच भाग असू शकतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांच्याकडे फेब्रुवारीच्या मध्याला फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात वसंतातला सराव सुरू होतो, त्यात पिचर आणि कॅचर इतरांच्या आधी हजर होतात. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी 25 मे 2011 ला होम प्लेटपाशी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, धावत आलेल्या खेळाडूच्या धडकेत सापडला. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, मोसम संपला. पुढच्या वसंतात तो अ‍ॅरिझोनात परतला तेव्हा त्याचे मॅनेजर ब्रूस बोची यांनी त्याला प्लेट अडवून उभं राहायचं नाही अशी ताकीद दिली होती. आमच्या कट्ट्याच्या भाषेत हे म्हणजे कीपरला लेगसाइडच्या चेंडूवर झेप घेऊ नको सांगण्यासारखं! त्या 2012 च्या मोसमात पोझीने .336 च्या सरासरीने नॅशनल लीगचं फलंदाजीतलं अव्वल स्थान घेतलं, मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच्या संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. 2014 पासून तर होम प्लेटवरच्या तशा धडकांना नियमानेच आळा घातला गेला.

धडकांवर नियम आला हे वाचलं आणि मला आमच्या कट्ट्यावरचा जुना वाद आठवला. 2017 मध्ये क्रिकेटचे कायदे बदलले आणि बदली खेळाडूला पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करायची मुभा मिळाली. तोवर ती नव्हती. मी या बदलाच्या कडाडून विरोधात होतो. कीपर पडला तर संघाने ते भोगावं, तोही खेळाचा भाग, असा माझा युक्तिवाद. माझी आवडती गोष्ट लॉर्ड्सची असायची. जुलै 1986, न्यूझीलंडविरुद्ध कसोटी. रिचर्ड हॅडलीचा चेंडू इंग्लंडचा कीपर ब्रूस फ्रेंच याच्या डोक्याला लागला. आधी बिल अ‍ॅथी यष्टीमागे उभा राहिला, मग चक्क बॉब टेलर. निवृत्त झालेला, पंचेचाळीस वर्षांचा, प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करायला मैदानात आलेला. उसनं साहित्य घालून तो उतरला आणि झकास खेळला. त्यानंतर हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स आणि शेवटी पुन्हा फ्रेंच. एका डावात चार कीपर! लोक हसून लोळायचे. त्या गोष्टीतला एक धागा मी कायम घाईत सांगायचो: हे सगळं न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनी हो म्हणाला म्हणून घडलं. तो नाही म्हणाला असता तर कोणा फलंदाजाने ग्लोव्हज चढवून वेळ मारून नेली असती, नाहीतर डोकं गरगरत असताना फ्रेंचला उभं केलं असतं.

म्हणजे जिला मी परंपरा म्हणत होतो ती बरीचशी कायद्याने केलेली कोंडी होती. बदली मिळणारच नाही, मग उभं राहणारा शूर ठरणार नाही तर काय होणार? साबा करीम 2000 साली ढाक्यात आशिया चषकात कुंबळेला कीपिंग करत होता. चेंडू फलंदाजाच्या बुटावर आपटून उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. हेल्मेट नव्हतं. त्यानंतर तो एक कसोटी खेळला आणि कारकीर्द आटोपली. 2012 मध्ये टॉन्टनला मार्क बाउचरच्या डोळ्यात बेल घुसली; त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली. फिरकीला हेल्मेट घालणाऱ्या पोरांना आम्ही ‘स्कूटरवरून आलास का रे’ विचारायचो. त्यात माझा आवाज मोठा असायचा.

गेल्या काही वर्षांत वारं बदललं आहे. जुलै 2025 मध्ये लॉर्ड्सवर ऋषभ पंतच्या बोटाला लागलं, ध्रुव जुरेल यष्टीमागे उभा राहिला. पुढे मँचेस्टरला पंतचा पाय मोडला आणि तरीही तो लंगडत फलंदाजीला आला, 54 धावा केल्या. कट्ट्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मत बदललं म्हणून अंगावरचा काटा थांबत नाही. पण तोच पाय घेऊन दिवसभर उठाबशा काढायची वेळ त्याच्यावर आली नाही, ती जुरेल होता म्हणून. 2025-26 च्या मोसमापासून बीसीसीआयनेही देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांत, खेळताना गंभीर बाह्य दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी त्याच प्रकारचा दुसरा खेळाडू घ्यायची सोय केली आहे. आठ वर्षांपूर्वी मी यावर तासभर आग ओकली असती.

कायदा रांगेचं मात्र काही करू शकत नाही. भाचा बरा झाला. टोक जवळजवळ सरळ आहे, मूठ वळते. पण कांगाच्या पहिल्या सामन्यांना तो नव्हता. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या मुलाने भर पावसात दोन सुरेख स्टंपिंग केले आणि ग्लोव्हज त्याच्याकडेच राहिले. भाच्याला सातव्या क्रमांकावर फलंदाज म्हणून घेतलं, क्षेत्ररक्षणाला थर्ड मॅनला पाठवलं. परतताना परळ नाक्यावर त्याने विचारलं, “मामा, तू म्हणत होतास तसं टेप मारून उभा राहिलो असतो तर?”

“जागा राहिली असती,” मी म्हणालो. खोटं बोलवेना.

मग मी त्याच्या क्लबच्या सेक्रेटरींना गाठलं. जुना दोस्त, माझ्याविरुद्ध खेळलेला. म्हटलं, दोन कीपर आहेत तर आळीपाळीने खेळवा. दुखापत सांगितली म्हणून जागा जाणार नाही, एवढं तरी पोरांना कळू दे. त्याने माझ्या करंगळीकडे पाहिलं. “तुझ्या वेळी तू दिले असतेस ग्लोव्हज?” नसते दिले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. विचार करतो म्हणाला. त्यानंतर मी दोनदा आठवण केली. विचार चालूच आहे. पाऊस थांबेपर्यंत तो चालूच राहणार, अशी लक्षणं दिसतात.