पाहणाऱ्यांची वही

वाणी, दूधवाला आणि वाचनालयाचा शिपाई या तिघांना आपल्या घरातले जेवढे कळते, तेवढे सख्ख्या नणंदेलाही कळत नसेल. महिन्याला साखर किती लागली, पाहुणे कधी आले, घरची बाई आजारी आहे की माहेरी गेली आहे, सारे त्यांना ठाऊक असते. पण वाण्याच्या वहीची आपल्याला कधी भीती वाटत नाही, कारण ती त्याच्या गल्ल्याजवळच राहते. उद्या कुणी परका माणूस आला आणि वाण्याने ती वही त्याच्या हातात ठेवली, तर मात्र आपण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

आता आपण रोज मोबाइलवर नाही तर टीव्हीवर व्हिडिओ पाहतो. पुरणपोळीचा कडा का फुटतो इथपासून बाळाला दम लागला तर काय करावे इथपर्यंत सारे तिथे विचारतो. या दुकानातही एक वही आहे बरं का! आणि एकदा ती वही खरोखरच मागितली गेली होती. ती हकीकत मला मैत्रिणींना सांगावीशी वाटते, कारण ती अमेरिकेतल्या कोर्टातली असली तरी त्या वहीत आपल्याकडच्या घरांच्याही नोंदी होत्या.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले. मार्च २००७ मध्ये व्हायकॉम या कंपनीने न्यूयॉर्कच्या कोर्टात या दोघांवर दावा लावला. एमटीव्ही, निकेलोडियन, पॅरामाउंट यांची मालकी तेव्हा या कंपनीकडे होती. तिचे म्हणणे असे, की आमच्या कार्यक्रमांचे दीड लाखाहून अधिक तुकडे लोकांनी परवानगी न घेता तिथे चढवले, ते दीडशे कोटी वेळा पाहिले गेले, आणि त्यावर गल्ला मात्र यूट्यूबने भरला. नुकसानभरपाई मागितली ती एक अब्ज डॉलर!

दावा म्हटला की पुरावा आला. लोक यूट्यूबवर येतात ते मुख्यतः चोरीचा माल पाहायला, असे व्हायकॉमला दाखवायचे होते. म्हणून तिने यूट्यूबचे दप्तरच मागितले. कुठल्या खात्यावरून, कुठल्या संगणकाच्या आयपी पत्त्यावरून, कुठला व्हिडिओ, किती वाजता पाहायला सुरुवात केली, अशी प्रत्येक वेळची नोंद त्या दप्तरात होती. आकार बारा टेराबाइट. गूगलने हरकत घेतली, की यात पाहणाऱ्यांच्या खाजगीपणाला धक्का पोचतो. पण १ जुलै २००८ च्या आदेशात न्यायाधीश लुई स्टँटन यांनी ही भीती नुसत्या तर्काची ठरवली आणि दप्तर देण्यास सांगितले. आयपी पत्त्यावरून सहसा माणूस ओळखता येत नाही, असे गूगलच्याच लोकांनी पूर्वी लिहून ठेवले होते, तेही त्यांनी गूगलपुढे ठेवले. त्याच आदेशात एक गंमत आहे. यूट्यूबवर शोध कसा चालतो ते सांगणारी मूळ संगणकीय संहिताही व्हायकॉमने मागितली होती. ती मात्र न्यायाधीशांनी दिली नाही, कारण ते कंपनीचे मोलाचे व्यापारी गुपित! म्हणजे दुकानदाराची तिजोरी बंद राहिली आणि गिऱ्हाइकांची वही उघडली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या गल्लीतले सीडी भाड्याने देणारे दुकान आठवले. तिथेही एक लांबट वही असे. कुणी कुठला सिनेमा नेला ते त्यात लिहिलेले. दुकानदार काका तोंडाने थोडे सैल. ‘तुमच्या बंधूंनी काल कुठला सिनेमा नेला, ठाऊक आहे का?’ असे हसत हसत चारचौघांत विचारत. मोठी माणसे हसून सोडून देत. पण एक शेजारीणबाई त्या दिवसापासून स्वतः जाईनात, मुलाला पाठवू लागल्या. पाहण्याची नोंद उघडी पडली की माणूस पाहणेच बदलतो, हे मला तेव्हा समजले नव्हते. आज समजते.

अशाच एका वहीमुळे अमेरिकेत कायदा झाला होता. १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचे नाव तिथल्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले गेले. राज्यघटना खाजगीपणाचा सर्वसाधारण हक्क देत नाही, असे मानणारे हे गृहस्थ. एका वार्ताहराने त्यांच्या व्हिडिओच्या दुकानातून त्यांनी नेलेल्या १४६ सिनेमांची यादी मिळवली आणि वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापला. यादीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. पण सगळे खासदार दचकले. आज बोर्क, उद्या आपण! १९८८ मध्ये व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या खाजगीपणाचा कायदा झाला. कुणी कुठली कॅसेट नेली हे दुकानदाराने कुणाला सांगायचे नाही, आणि दिवाणी दाव्यात कोर्टाला ते हवेच असेल तर तशी निकड दाखवून, गिऱ्हाइकाला आधी कळवून, त्याला हरकत घेण्याची संधी देऊन मगच.

२००८ च्या आदेशाविरुद्ध खाजगीपणासाठी झगडणाऱ्या मंडळींनी याच कायद्याकडे बोट दाखवले. कोट्यवधी प्रेक्षकांपैकी कुणाला कळवले? कुणालाच नाही. तेव्हा पुण्यात, पणजीत किंवा न्यू जर्सीत बसून कुणी जुने मराठी गाणे लावले असेल, तर त्याचीही ओळ त्या दप्तरात होतीच. दप्तर जगभरचे होते.

आता कुणी म्हणेल, ‘बाई, तुम्ही चोरांची बाजू घेता की काय?’ मुळीच नाही. मी अर्धवेळ शिकवते. दहावीच्या मुलांसाठी व्याकरणाची टिपणे मी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्चून तयार केली. उदाहरणे मुलांच्या बोलण्यातली, समासाचे तक्ते हाताने आखलेले. पुढच्या वर्षी एका खाजगी क्लासने तीच टिपणे, माझ्या एका चुकलेल्या मात्रेसकट, स्वतःच्या नावाचे वेष्टन घालून विकायला काढली. किती जीव जळला म्हणून सांगू! आपल्या कष्टाचे दुसऱ्याने पैसे करावेत यासारखी चीड नाही. तेव्हा ज्यांनी सिनेमा काढला, गाणे बांधले, मालिका लिहिली त्यांचा हक्क मला पोटातून पटतो.

पण त्या वेळी मला हवे होते काय? विकणारा कोण, किती प्रती खपल्या आणि माझे नाव का काढले, एवढेच. ती टिपणे उशाशी घेऊन कुठली मुलगी रात्री जागली, हे मला जाणून घ्यायचे नव्हते. तिने तर वीस रुपये मोजून वही घेतली आणि अभ्यास केला. तिचे दार ठोठावण्याचे मला कारणच काय?

माझ्या मते सगळे या एका प्रश्नाशी येऊन थांबते. किती जणांनी पाहिले हे मोजायला कोणी पाहिले हे कशाला हवे? हळदीकुंकवाला किती बायका आल्या हे रिकाम्या वाट्या मोजूनही कळते. त्यासाठी प्रत्येकीची पर्स उघडायला लागत नाही.

आणि शेवटी झालेही तसेच. आदेशावर इतकी ओरड झाली, की दोन आठवड्यांत, १४ जुलै २००८ ला, दोन्ही पक्षांनी समझोता केला. खात्यांची नावे आणि आयपी पत्ते काढून त्यांच्या जागी दुसरे सांकेतिक आकडे घालून दप्तर द्यायचे ठरले. व्हायकॉमचे काम त्यावर भागले. मग आधी नावे कशाला मागितली होती, असा प्रश्न साध्या बाईलाही पडेल.

मुख्य दावा पुढे बरीच वर्षे चालला. १९९८ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे, तक्रार येताच माल काढून टाकणाऱ्या संकेतस्थळाला संरक्षण मिळते. त्या आधारे २०१० मध्ये यूट्यूबच्या बाजूने निकाल लागला. २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने तो अंशतः फिरवला, २०१३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी पुन्हा यूट्यूबच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ मध्ये आपसात मिटले. मधल्या काळात यूट्यूबने, २००७ पासूनच, चढवलेला व्हिडिओ मालकांनी दिलेल्या नमुन्याशी यंत्राने ताडून पाहण्याची सोय केली होती. तिच्यातही खोटी आहेत, निर्दोष माणसाचा व्हिडिओही कधी अडकतो. पण एवढे खरे, की ती माल तपासते. चोरी पकडायला पाहणाऱ्याच्या घरात डोकवावे लागत नाही, हे त्यावरून दिसले.

नुसती नावे खोडली म्हणजे काम झाले, असेही नाही हं. २००६ मध्ये एओएल कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे शोध, नावांऐवजी आकडे घालून, अभ्यासकांसाठी खुले केले. बाईमाणूस काय काय शोधते, दुखणी, कुत्रे, गावातले आडनाव! थोड्याच दिवसांत वार्ताहर त्यातल्या एका वृद्ध बाईंच्या दारात उभे राहिले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सिनेमांना दिलेले गुण असेच निनावी करून स्पर्धेसाठी दिले, आणि त्यातलीही काही माणसे ओळखता येतात हे संशोधकांनी दाखवले. २००९ मध्ये एका आईने स्वतःचे नाव गुप्त ठेवून दावा लावला. आपले मन कुणाकडे ओढ घेते ते या यादीवरून मुलांना आणि शेजाऱ्यांना कळेल, ही तिची धास्ती होती. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरी स्पर्धा रद्द केली.

‘आपण काही वाईट पाहत नाही, मग भ्यायचे कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी पुरुषमंडळींकडून ऐकू येतो. माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. नवरा हात उगारतो. कुणाशी बोलायची सोय नाही. तिने रात्री स्वयंपाकघरात बसून, आवाज बारीक करून, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याची माहिती देणारे दोन-तीन व्हिडिओ पाहिले. मोबाइल आणि दिवाणखान्यातला टीव्ही एकाच खात्यावर. सकाळी सासऱ्यांनी भजने लावायला टीव्ही सुरू केला, तर पडद्यावर वकीलबाई रांगेने उभ्या! पुढे त्या घरात काय झाले ते मी इथे लिहीत नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की तिने काय वाईट पाहिले होते?

बाईला स्वतःची खोली मिळणे आपल्याकडे अजून दुर्मिळ. तिचा एकांत हातभर पडद्यात मावतो. गर्भपात झाल्यावरचे दुखणे, छातीतली गाठ, पोटगी, नोकरीचा अर्ज, हे सगळे ती आधी तिथे विचारते आणि मग धीर आला तर माणसांना. ती जागा उघडी पडली तर ती विचारणेच बंद करील. कंपन्यांच्या दाव्यातले अब्ज डॉलर कुणाच्या तरी खिशातून कुणाच्या तरी खिशात जातात. हिचे नुकसान मात्र कुठल्या निकालात भरून निघायचे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. कायदे हवेतच. पण घराची कडी आपणच लावायची असते, म्हणून चार गोष्टी सांगते.

दिवाणखान्यातल्या टीव्हीला आपले मोबाइलचे खाते जोडू नका, त्याला वेगळे खाते द्या. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये पाहिल्याची नोंद थांबवता येते, जुनी पुसता येते, आणि ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी ती आपोआप पुसली जाईल अशीही सोय करता येते. नाजूक विषयाचे पाहायचे असेल तर गुप्त पद्धतीने, म्हणजे इन्कॉग्निटो लावून पाहा. एवढ्याने घरातल्यांपुढची वही कोरी राहते. कंपनीच्या दप्तरातले सगळे पुसले गेले, असे मात्र समजू नका. आणि मुलांना दोन्ही गोष्टी एकदम शिकवा. दुसऱ्याच्या कष्टाचे फुकट उचलायचे नाही, आणि दुसरा काय पाहतो, वाचतो त्यात नाक खुपसायचे नाही. माझ्या वर्गात मी हे दोन्ही धडे एकाच तासाला घेते. मुलांना त्यात काही विसंगत वाटत नाही.