खाते बंद केले म्हणजे नेमके काय केले?

लिनक्स सर्व्हरवर लॉगिनची व्यवस्था लावताना बहुतेकांचे सगळे लक्ष पासवर्डकडे असते. तो किती लांबीचा हवा, किती दिवसांनी बदलायला लावायचा, कितव्या चुकीला खाते अडवायचे, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पण ज्याचा हक्क आज संपला त्याला आजच अडवता येते का, ही त्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे, असे माझे ठाम मत आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. ॲडमिन पासडब्ल्यूडी कमांडने त्याचे खाते लॉक करतो. त्यासरशी शॅडो फाइलमध्ये त्याच्या हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह बसते आणि कुठलाच पासवर्ड जुळेनासा होतो. पण त्याची एसएसएच की होम डिरेक्टरीत तशीच असेल, तर तो सहसा सुखेनैव आत येतो. त्या कमांडच्या मॅन पेजमध्येच हा इशारा दिलेला आहे, आणि खाते खरोखर बंद करायचे तर यूजरमॉडने त्याची मुदत संपवा, असेही सांगितले आहे.

असे का होते, याचे उत्तर पॅम या लॉगिनची तपासणी करणाऱ्या चौकटीच्या रचनेत आहे. सनसॉफ्टच्या विपिन सामर आणि रोलंड शेमर्स यांनी 1995 मध्ये मांडलेल्या या रचनेत ऑथ, अकाउंट, पासवर्ड आणि सेशन अशी चार कामे वेगवेगळी ठेवली आहेत. तू तोच कशावरून, हे ऑथ विचारते. तुला आत्ता इथे येण्याचा अधिकार आहे का, हे अकाउंट विचारते. कीची पडताळणी एसएसएचडी हा एसएसएच सर्व्हर स्वतःच करतो, त्यामुळे तिथे ऑथच्या ओळींची पाळीच येत नाही; अकाउंटच्या ओळी मात्र पॅम चालू असेल तर तपासल्या जातात. म्हणूनच मुदत संपलेले खाते कीलाही दाद देत नाही. या ओळींचा क्रमही महत्त्वाचा असतो. वरची ‘सफिशंट’ ओळ यशस्वी झाली की खालच्या ओळींपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही, मग तिथे कितीही कडक नियम लिहिलेला असो.

यावर कोणी म्हणेल, सरळ खाते उडवून टाका. पण फायलींची मालकी आकड्यावर असते. तोच यूआयडी पुढे नव्या माणसाला मिळाला, तर जुन्याच्या फायलीही त्याच्या होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी खाती मध्यवर्ती डिरेक्टरीत ठेवली की एका ठिकाणी बंद केले म्हणजे झाले. हे बव्हंशी खरे आहे. मात्र मशीनला अशा डिरेक्टरीशी जोडणाऱ्या एसएसएसडी या सेवेत पासवर्डची कॅश चालू असेल, तर नेटवर्कबाहेरच्या लॅपटॉपला ती बंदी कळत नाही, आणि ऑफलाइन लॉगिनची मूळ मुदत शून्य, म्हणजे अमर्याद असते. ती आवळली तर प्रवासातल्या प्रामाणिक माणसाची अडचण होते, हे मान्यच. तरीही ती किती ठेवायची याचा निर्णय जाणूनबुजून घ्यायला हवा.

म्हणून खाते बंद केल्यावर पासवर्डने, कीने आणि ऑफलाइन अशा तिन्ही वाटांनी लॉगिन करून पाहावे आणि आधीपासून चालू असलेली सेशन्सही संपवावीत, कारण लॉगिनच्या वेळी झालेली तपासणी पुन्हा आपोआप होत नाही. लॉगिन होत नसेल तर पाच मिनिटांत कोणीतरी तक्रार करतोच. बंद खात्यातून लॉगिन होत असेल तर ते सांगायला कोणी येत नाही.