दिराचा सातू आणि तुमचा काऊबॉय

मोरवा,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय सखे,

तू पत्रात सहज लिहून गेलीस, की तिकडे तुमच्या लेथब्रिजभोवती गुरांच्या मोठमोठ्या छावण्या आहेत आणि तिथे सातूचा मुरघास घालतात. झालं! माझ्या धाकट्या दिराने ते वाक्य पकडलं. ‘वहिनी, भात निघाल्यावर जमीन नुसती पडून असते. तुमच्या मैत्रिणीला विचारा, गुरांसाठी सातूची कुठली जात चांगली?’ तेव्हापासून जेवताना, दूध काढताना, भाईंदरच्या बसची वाट बघतानासुद्धा सातूच. मेट्रोची कारशेड राई-मुर्धा-मोरव्यातून डोंगरीकडे सरकली तेव्हा गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या ओटीवर या एका धान्याची झाली.

आता विचारतेच आहे तर आधी माझं मत ऐक. गुरांसाठी जात निवडायची तर एकरी उतारा नंतर बघावा. आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: कापणार कधी, आणि खाणार कोण. सातू कोवळा असताना कापला तर प्रथिनं जास्त, पण भारा हलका. दाणा चिकात आल्यावर कापला तर भारा भरतो, मुरघासही चांगला होतो. पण तोवर कुसळं बाहेर आलेली असतात. खरबरीत कुसळं जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. मग ते गव्हाणीपाशी उभं राहतं पण खात नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डोंगरावरचं कुसळी गवत कुसळं धरायच्या आत कापायचं, हे सासूबाईंना कुठल्या पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

तुमच्या सास्काटूनच्या विद्यापीठाने हे ओळखलेलं दिसतं. वैरणीसाठी त्यांनी उंच वाढणारी ‘सीडीसी काऊबॉय’ काढली, मग गुळगुळीत कुसळांची ‘सीडीसी मॅव्हरिक’. जातीचं नाव काऊबॉय म्हटल्यावर दीर इतका हसला, की म्हैस दचकली. काही सातूंना तर कुसळाऐवजी दाण्यावर टोपीसारखा पडदा येतो. मला तीच जात आवडली असती. पण बी पाकिटात घालून धाडू नकोस हं, परदेशी बियाण्यांचे नियम कडक आहेत.

आपल्या देशातही जाती आहेत, राजस्थानातल्या दुर्गापुऱ्याच्या. आरडी 2035, आरडी 2552, आरडी 2715. यांना दुहेरी उपयोगाच्या जाती म्हणतात. पेरल्यापासून 50-55 दिवसांनी एकदा हिरवा चारा कापायचा, पाणी-खत द्यायचं आणि फुटव्यावर दाणा घ्यायचा. 2552 तर खाऱ्या जमिनीतही तग धरते. हे कळलं तेव्हा दिराचा चेहरा बघायला हवा होतास. आपल्याकडे खाडी, मिठागरं, आणि तृणधान्यांत खार सोसण्यात सातूचा हात धरणारं दुसरं नाही! त्याच्या हिशेबी प्रश्न संपला.

माझ्या हिशेबी तो तिथे सुरू झाला. आपल्या खाजणाचा खार वर्षभर सारखा नसतो. पावसाने तो धुतला जातो, म्हणून पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेली पनवेल 1, 2, 3 ही भातं तिथे उभी राहतात. पाऊस गेला की जमीन सुकत जाते, खालचं मीठ वर चढतं. आणि सातूला पाणी हवं ते नेमकं तेव्हा! उगवताना तो खाराला नाजूक असतो, शिवाय भातानंतरच्या चिखलात त्याची मुळं गुदमरतात. थंडीचं म्हणशील, तर जानेवारीत आम्ही एखादी शाल काढतो, तेवढीच. जयपूरकडच्या थंडीत निवडलेली जात इथे किती फुटवे देईल? मला तरी भरवसा नाही.

मग दिराने दुसरी वाट काढली. ट्रेमध्ये सातू मोड आणून आठवड्याभरात हिरवी गादी करायची. एक किलो दाण्याचा सहा-सात किलो चारा! ऐकायला छान. पण वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं. सुकवून तोललं तर मूळ दाण्यापेक्षा थोडं कमीच भरतं, कारण मोड येताना दाणा स्वतःचंच पीठ खर्च करतो. पाण्याला आंबोणाचा भाव देण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि गंमत सांगू? मुंबईच्या तबेल्यांत सातू कधीचाच पोहोचलाय. बियरच्या कारखान्यांतला ओला चोथा म्हशी आवडीने खातात. माल्टसाठी निवडलेली जात, माणसांनी आधी पिऊन घेतलेली.

आपल्याकडे वैरणीसाठी जात निवडणं नवं नाहीच. बुटकं सुधारित भात आलं तेव्हा सासऱ्यांनी एका तुकड्यात उंच जुनं भात मुद्दाम ठेवलं होतं, पेंढ्यासाठी. दाणा कमी यायचा, पण उडवी मोठी व्हायची आणि तो मऊ पेंढा गुरं शेवटच्या काडीपर्यंत संपवायची. भातानंतर अंगओलीवर वाल, शेंगा आपल्याला आणि वेल गुरांना. ही घडी मोडून सातू बसवायचा तर त्याने वालापेक्षा जास्त दिलं पाहिजे.

शेवटी तह झाला. खाजणात काही पेरायचं नाही. डोंगराच्या अंगाला विहिरीजवळ गोडं पाणी आहे, तिथे ओट लावायचा, केंट नाहीतर राहुरीचा फुले हरिता. पाला भरपूर, कुसळाची कटकट नाही. कडेच्या एका पट्ट्यात दिराचा आरडी 2552. तो पोटरीत आला की मी विळा घेऊन उभी राहणार, दाण्याच्या मोहात पडायचं नाही अशी अट आहे. दोन्ही भारे एकाच वेळी गव्हाणीत टाकू, म्हैस कशाकडे आधी तोंड नेते ते पाहू.

तू एवढं विचारून कळव: एवढा उंच काऊबॉय वाऱ्यात लोळतो का? तुमच्या त्या गरम शिनूक वाऱ्याबद्दल लिहिलं होतंस, म्हणून विचारते. आणि तिकडे सातूत वाटाणा मिसळून मुरघास करतात म्हणे, तो कोणत्या प्रमाणात? दिराला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या वाटाण्याचं बी घेऊन येईल.

सासूबाईंनी आशीर्वाद सांगितलेत. मुलांना पापा.

तुझी,
मोरव्याची मैत्रीण