विमानाचे तास, घरचे तास

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, सरळ अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. सरळ म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर जरूर करून बघा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, आधी युरोप, मग अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडायची. दोरा मात्र तडक सायबेरियात चढतो, उत्तर ध्रुवाच्या बऱ्यापैकी जवळून जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो!

पण अंतरावरून वेळ सांगता येईलच असं नाही. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१५ साली सुरू झालं, तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तास! कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. एका वाटेवर ते अंगावर येतात, दुसरीवर पाठीशी असतात. शिवाय वाटेत तारीखरेषा लागते, त्यामुळे पहाटे दिल्लीहून निघालेला माणूस त्याच तारखेच्या सकाळी तिकडे उतरतो. मला हे फार आवडतं.

आता घरचं गणित. दादा गेली वीस वर्षं तिकडे आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये बाबा गेले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी त्याला फोन केला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, पावणेपाच. (हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. आमच्या घरी हे लहान मुलालाही पाठ आहे.) त्याला रात्री नऊचं तिकीट मिळालं, मध्ये एक विमान बदलून बावीस तास. मग मुंबईतली इमिग्रेशनची रांग, टॅक्सी, एक्सप्रेसवे, घाटातला ट्रॅफिक. दारात आला तेव्हा दुसऱ्या दिवसाचे दीड वाजले होते. म्हणजे फोनपासून एकतीस तासांहून थोडं जास्तच.

थांबायचं की नाही, यावर घरात बोलणं झालं. काका म्हणाले, "एवढा वेळ ठेवू नये, धाकटा पुतण्या करेल सगळं." त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने फक्त विचारलं, "विमान सुटलं का त्याचं?" सुटलं म्हटल्यावर म्हणाली, "मग थांबू." बर्फाची पेटी मागवली. त्या रात्री मी दर अर्ध्या तासाने नेटवर ते छोटंसं विमान बघत होते. ते सरकतच नव्हतं.

दादा आला, बाबांच्या पायाशी बसला. पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. मग निघालो.

तेव्हापासून आईसाठी अमेरिका 'एकतीस तास' आहे. किलोमीटर तिला सांगून उपयोग नाही. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, ती बातमी तिने पेपरात दोनदा वाचली. पनवेलजवळ म्हणजे पुण्याहून मुंबईपेक्षा अलीकडे. चष्मा काढून म्हणाली, "उद्या तिथून अमेरिकेची विमानं सुटली तर एक तास वाचेल गं दादाचा."




कशासाठी, ते मी विचारलं नाही.