चौदावा वॉल्ट्झ

आमच्या चर्चमध्ये अनेक वर्षे ऑर्गन वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना दोन वर्षांपूर्वी आम्ही विश्रांती घेण्याची विनंती केली. त्यांची बोटे थरथरू लागली होती, मधूनच एखादा स्वर निसटत होता आणि गायनवृंदातील तरुण मंडळी कुरकुर करीत होती. आमचे शब्द सौम्य होते. त्यांनी खिशातून ऑर्गनची किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि आमच्या हातात ठेवली. ‘‘बरं, फादर,’’ एवढेच ते म्हणाले. एक अवघड काम नीट पार पडले, असे समाधान त्या दिवशी आम्हांला वाटले. ते समाधान फार काळ टिकले नाही. त्याला कारण झाला एक पियानोवादक, आमच्या जन्माच्या कितीतरी आधी हे जग सोडून गेलेला.

सेमिनरीत असताना आमच्या एका वयोवृद्ध गुरुजनांनी त्याचे वादन आम्हांला प्रथम ऐकविले होते. कॅसेट जुनी होती, खरखर पुष्कळ होती. वादकाचे नाव ऐकून आम्ही विद्यार्थी हसलो होतो. दिनू लिपात्ती! ‘दिनू’ म्हणजे आपल्याच आळीतला कोणी मुलगा वाटावा. वास्तविक त्याचे नाव कॉन्स्टंटिन. दिनू हे त्याचे लाडके नाव. जन्म 1917 साली रुमानियातील बुखारेस्ट येथे. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो. थोर संगीतकार जॉर्जे एनेस्कू हे त्याचे बाप्तिस्म्याचे धर्मपिता. आपण धर्मपिता निवडताना घराण्याचा स्नेह पाहतो. या बाळाला धर्मपित्याबरोबर जणू त्याचे पाचारणही लाभले.

1933 साली व्हिएन्ना येथील स्पर्धेत सोळा वर्षांचा दिनू दुसरा आला. पहिला क्रमांक त्याचाच होता, असे ठाम मत असलेले फ्रेंच पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो यांनी निषेध म्हणून परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला आणि त्याला पॅरिसला शिकावयास बोलाविले. तेथे कोर्तो, नादिया बुलांजे आणि पॉल द्युका यांच्या हाताखाली तो घडला. महायुद्धाच्या काळात, 1943 साली, त्याने मायदेश सोडला आणि मादलेन या आपल्या सहचारिणीसह जिनिव्हात आश्रय घेतला. तेथील संगीत विद्यालयात तो शिकवू लागला. युरोपची सभागृहे त्याची वाट पाहत होती. पण 1947 च्या सुमारास निदान झाले: हॉजकिन्सचा आजार, लसिकाग्रंथींचा कर्करोग. आज या आजाराचे बहुतेक रुग्ण बरे होतात. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता.

हा मनुष्य विलक्षण काटेकोर होता. त्याच्या ध्वनिमुद्रणांचे निर्माते वॉल्टर लेग यांनी लिहून ठेवले आहे की, चायकोव्हस्कीच्या एका कन्चेर्टोच्या तयारीसाठी त्याने तीन वर्षे मागितली आणि बेथोव्हनच्या एका कन्चेर्टोसाठी चार. जे पूर्ण सिद्ध झाले नाही, ते लोकांपुढे ठेवायचे नाही, हा त्याचा नेम होता. म्हणूनच त्याची ध्वनिमुद्रणे मोजकी आहेत.

1950 च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन या तेव्हाच्या नव्या औषधाने त्याला काही आठवड्यांची शक्ती दिली. त्या जुलैत जिनिव्हात त्याने शोपँचे चौदा वॉल्ट्झ, बाख आणि मोत्सार्ट ध्वनिमुद्रित केले. त्यानंतर 16 सप्टेंबर रोजी फ्रान्समधील बझांसाँ येथे त्याचा कार्यक्रम ठरला होता. डॉक्टरांनी जाऊ नये म्हणून सांगितले. आपण शब्द दिला आहे, असे म्हणून तो गेला.

त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. प्रारंभी तो पियानोवर हलकेच काही स्वर छेडून पाहतो; मिस्सेपूर्वी वेदीवरचे वस्त्र हाताने सारखे करावे, तसे. मग बाखची पार्टिटा, मोत्सार्टचा सोनाटा, शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्तू आणि शेवटी शोपँचे वॉल्ट्झ. एकामागून एक तेरा वॉल्ट्झ त्याने वाजविले. चौदाव्यासाठी शक्ती उरली नाही. तो उठून आत गेला.

थोड्या वेळाने तो परत आला आणि त्याने बाखचे एक स्तोत्र वाजविले. ‘येशू माझा आनंद राहील’ अशा अर्थाचे त्याचे जर्मन नाव. मायरा हेस या इंग्रज पियानोवादिकेने ते पियानोसाठी बसविले आहे. लग्नाच्या मिस्सेत हीच सुरावट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मुळात ती आहे बाखच्या एका कँटाटामधली. 2 जुलै 1723 रोजी, मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीच्या सणाला, ती लाइपझिगमध्ये गायिली गेली. अडचणीच्या वाटेने चालत जाऊन दुसऱ्याच्या दारी आनंद पोहोचविणाऱ्या त्या मातेच्या सणाचे गीत या आजारी मनुष्याच्या बोटांनी शेवटचे वाजविले. तो त्याचा अखेरचा कार्यक्रम ठरला. 2 डिसेंबर 1950 रोजी तो वारला. वय अवघे तेहतीस.

त्या संध्याकाळच्या ध्वनिमुद्रणात हे गीत मात्र नाही. ते तेथे बसलेल्या लोकांना मिळाले आणि देवाला मिळाले.

गेल्या उपवासकाळात एका रात्री आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. तेरावा वॉल्ट्झ संपला आणि आम्हांला रुमालाने पुसलेली ती किल्ली आठवली. एका कन्चेर्टोसाठी चार वर्षे मागणारा हा कलावंत त्या दिवशी थकलेल्या शरीरानिशी लोकांपुढे बसला. अपुरे राहण्याची शक्यता त्याने पत्करली. दिलेला शब्द मोडणे पत्करले नाही. आम्ही मात्र आमच्या वृद्ध वादकाचे चुकलेले स्वर मोजीत बसलो. पाच भाकरी आणि दोन मासे ‘पुरेसे नाहीत’ म्हणून प्रभूने परत केले नाहीत, हे प्रवचनात आम्ही किती वेळा सांगितले असेल! वेदीपाशी आणलेले दान तोलून पाहण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. पुनरुत्थानाच्या सणाला एक तरी गीत वाजवा, अशी विनंती केली. त्यांनी आपले हात आमच्यापुढे धरले. बोटे आता वळतही नव्हती. ‘‘फादर, उशीर झाला,’’ ते म्हणाले. स्वरात राग नव्हता. त्यामुळेच ते शब्द अधिक लागले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘‘तो नवा मुलगा पानं उलटताना अडखळतो म्हणे?’’

आता दर रविवारी ते ऑर्गनजवळ एका स्टुलावर बसतात आणि त्या मुलाच्या वहीची पाने तळहाताने उलटून देतात. कधी पान वेळेवर उलटते, कधी नाही. मुलगा थांबतो, गायनवृंद थांबतो, आणि वेदीवर आम्हीही थांबतो.