लाघव आणि गौरव

आपल्या शास्त्रकारांना लाघव फार प्रिय. जें कार्य एका साधनानें होतें त्यासाठीं दोन मानणें यास ते ‘गौरव’ म्हणतात. व्यवहारांत मानाचा असलेला हा शब्द शास्त्रांत दोषवाचक आहे. मुलांना संस्कृत शिकवितांना वारंवार सांगितलेलें हें तत्त्व सध्यां आमच्या घरीं एका मोटारसायकलीच्या निमित्तानें कसोटीस लागलें आहे.

आमच्या पुतण्यास जुनी गाडी घ्यावयाची आहे. राजदूत आर. डी. ३५० घ्यावी कीं बुलेट ३५०, हा त्याचा प्रश्न. दोहोंच्या इंजिनांचें आकारमान जवळजवळ सारखें. पहिलीचें ३४७ घन सेंटिमीटर, दुसरीचें ३४६. परंतु बुलेटचें एकच सिलिंडर व एकच कार्बुरेटर, आर. डी.चीं सिलिंडरें दोन व प्रत्येकास स्वतंत्र कार्बुरेटर. कार्बुरेटरचें काम पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणांत मिसळण्याचें. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाऊं लागली कीं तेथील दाब उतरतो व खालच्या भांड्यांतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलें जातें.

१९८३ सालीं बाजारांत आलेल्या आर. डी.ची शक्ति सुमारें ३० अश्वशक्ति, तर लोखंडी इंजिनाच्या बुलेटची सुमारें १८. म्हणजे येथें फल समान नाहीं. आणि फल समान असेल तरच लाघवाचा न्याय लागू पडतो. आर. डी.चे दोन कार्बुरेटर काढून एकच बसवावा, असेंही एका मेस्त्रीनें सुचविलें. परंतु जें इंजिन दोन स्वतंत्र वाटांसाठींच घडविलें, त्यास एका नळीवर आणणें हें लाघव नव्हे, ती कुचंबणा होय.

मात्र दोन कार्बुरेटर म्हणजे दोन चुलींवर एकाच वेळीं सारखी आंच राखणें. दोहोंचे पडदे समान उचलले पाहिजेत. एकाकडे पेट्रोल कमी पडलें तर तेवढेंच सिलिंडर तापतें व पिस्टन अडकण्याची भीति असते; अधिक झालें तर प्लग काळवंडतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. तो जुळविणारे हातही हळूहळू विरळ होणार.

पुतण्याची गरज कोणती, हें पाहिलें म्हणजे निर्णय सोपा होतो. आमचें गांव चोरखमारा. नागझिरा अभयारण्याचें एक प्रवेशद्वार येथेंच आहे. वहिनींना दम्याचा विकार. रात्रीं-अपरात्रीं त्यांना मागें बसवून तिरोड्यास न्यावें लागतें. अशा वेळीं जंगलालगत गाडी एका सिलिंडरावर अडखळूं लागली, तर ३० अश्वशक्तीचा अभिमान काय कामाचा?

आर. डी. वाईट गाडी नव्हे. तिच्याजवळ सदैव जाणता माणूस हवा. म्हणून मी पुतण्यास एवढेंच सांगितलें आहे कीं, बयाणा देण्यापूर्वीं दोन्ही गाड्यांचे कार्बुरेटर स्वतः उतरवावे, धुवावे, आणि विजेरीच्या उजेडांत पुन्हां बसवून पाहावे. त्यानंतर जी गाडी बिनतक्रार चालूं लागेल, तीच आईस बसविण्यास योग्य. माझा कौल बुलेटकडे आहे. परंतु तो माझ्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या हातांच्या प्रत्ययावर ठरावा.