पांढऱ्या राशी

खारीस राहणाऱ्या माणसाला शुभ्रतेचे अप्रूप नसते. भाईंदरच्या मिठागरांतील पांढऱ्या राशी पाहतच तो वाढलेला असतो. तथापि गेल्या पौषात दोघा कॉलेजमित्रांसह गुलमर्गला गेलो, तेव्हा सुमारे २,६५० मीटर उंचीवरील त्या हिमाने मलाही क्षणभर मुके केले. इंग्रज लष्करी अंमलदारांनी १९२७ साली येथे स्की-क्लब काढला. आता आपलीही मंडळी मोठ्या हौसेने स्की बांधतात. बघ्यांना मात्र हिमशिखरांपेक्षा शेजाऱ्याच्या पडण्यातच अधिक गोडी!

पन्नाशी उलटलेले आम्ही त्या वाटेस गेलो नाही. लाकडी घसरगाडी ओढणारा एक वृद्ध काश्मिरी पिच्छा सोडीना. माणसाने माणसास ओढावे, हे मला रुचेना.

“अरे, तुझ्या तत्त्वावर त्याची चूल पेटायची नाही,” असे म्हणून आमचा डॉक्टर खुशाल गाडीत बसला.

मी बाजूने चालू लागलो. चढावर म्हाताऱ्याची पावले रुतत होती, रबरी बुटांत बर्फ शिरत होता. मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या आगरी बायांच्या पायांच्या भेगा मी लहानपणी जवळून पाहिल्या आहेत. माथ्यावर डॉक्टरने त्यास ठरल्याहून अधिक पैसे दिले. म्हाताऱ्याने त्याला तोंडभर दुवा दिला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.